यंत्राला रस्ता कळतो, चालक कधी कळणार?

सीताबर्डीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

२०२१ मध्ये आपल्या नागपुरात ‘आय-रास्ते’ प्रकल्प सुरू झाला. इंटेल, हैदराबादच्या ट्रिपल आयटीतलं ‘आयनाय’ केंद्र, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्रा आणि आपली महापालिका यांनी मिळून तो हाती घेतला. शहर बसमध्ये कॅमेरे बसले. समोरच्या गाडीशी अंतर घटलं किंवा कुणी आडवं आलं की चालकाला आधीच सावध करायचं, अशी ती यंत्रणा. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ‘ग्रे स्पॉट’. माणसं मेल्यावर ब्लॅक स्पॉटचा फलक लावण्यापेक्षा, जिथे इशारे वारंवार वाजतात त्या जागा आधीच हेरून दुरुस्त करायच्या.

मी आयटी पार्कातल्या एका लहान कंपनीत अशाच प्रकारच्या यंत्रणांचं सॉफ्टवेअर लिहितो. रस्ता, गाय, सायकल, खड्डा ओळखण्याच्या कामात गेल्या दहा वर्षांत अफाट प्रगती झाली. पण इशारा वाजला त्या क्षणी चालकाच्या डोक्यात काय चाललं होतं, याचा पत्ता यंत्राला बहुतेक वेळा नसतो. माझं ठाम मत आहे की स्वयंचलित यंत्रणेने माणसाच्या जोडीने काम करायचं असेल, तर रस्त्याच्या नकाशासोबत त्या माणसाच्या आकलनाचंही एक मॉडेल तिच्या आत हवं. त्याने आत्ता काय पाहिलंय, काय त्याच्या लक्षात आहे, त्याचा यंत्रावर किती भरवसा आहे, तो थकलाय का.

हे स्वप्नरंजन नाही. १९८३ मध्ये कार्ड, मोरन आणि न्यूवेल या तिघा संशोधकांनी माणसाचं एक ढोबळ गणिती चित्र मांडलं. डोळ्याने टिपायला साधारण १०० मिलिसेकंद, मनाने ठरवायला ७०, हात हलवायला ७०. म्हणजे दिवा लागला की बटण दाब, इतक्या साध्या कामालाही पाव सेकंद लागतो. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरच्या वेगात तेवढ्यात गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. आणि हा आकडा बोट बटणावर ठेवून वाट पाहणाऱ्या माणसाचा आहे. ज्याचं मन घरच्या कर्जाच्या हप्त्यात अडकलंय, त्याला परत रस्त्यावर यायला कित्येक सेकंद लागू शकतात, आणि तिथे दर सेकंदाला ३३ मीटर रस्ता संपतो.

अशा मॉडेलचा उपयोग किती रोकडा असतो, याचं माझं आवडतं उदाहरण टेलिफोन ऑपरेटरांचं आहे. न्यूयॉर्कच्या नायनेक्स या टेलिफोन कंपनीला ऑपरेटरांसाठी नवी यंत्रं घ्यायची होती. कळा कमी दाबाव्या लागतात, पडदा झटपट उमटतो, म्हणजे वेळ वाचणारच, असं सगळे धरून चालले होते. वेन ग्रे, बोनी जॉन आणि मायकेल ॲटवूड यांनी ऑपरेटरच्या डोक्यात, कानात आणि हातात एकाच वेळी काय काय चालतं त्याचं मॉडेल बांधलं आणि सांगितलं, नवं यंत्र सुमारे ३ टक्के हळू पडेल. कुणाला खरं वाटेना. प्रत्यक्ष कामावर चाचणी झाली आणि उत्तर तेच आलं. ज्या कळा वाचल्या त्या ऑपरेटर तशीही ग्राहकाचं बोलणं ऐकत असतानाच दाबत होती, त्यामुळे त्या वाचून फायदा शून्य. उलट नव्या रचनेत एक कळ नेमकी अशा जागी आली की ती दाबेपर्यंत पुढचं काम अडून राही. हा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. घड्याळ लावून कळा मोजणाऱ्याला हे कधी दिसलं नसतं, कारण ते कळांत नव्हतंच, माणसाच्या कामाच्या विणीत होतं.

तुमच्यापैकी कुणी कारखान्यात, दवाखान्यात, शेतात, गाडीवर अशा यंत्रांबरोबर काम करत असाल तर कृपया लिहा. यंत्राने तुमच्याबद्दल काय ओळखायला हवं होतं आणि ओळखलं नाही? मला यातून खरंच काही बांधायचं आहे.

कंट्रोलरूम_निवृत्त

धागा फार जिव्हाळ्याचा आहे म्हणून सविस्तर लिहितो. माझी सगळी नोकरी कोळशावरच्या वीज केंद्रांत, पॅनेलसमोर गेली.

बाहेरच्यांना वाटतं की कंट्रोल रूममध्ये माणूस यंत्र चालवतो. चालू स्थितीत यंत्रच यंत्र चालवतं, माणूस बघत बसतो. आणि ज्या दिवशी काही बिघडतं त्या दिवशी यंत्र हात वर करतं आणि सगळं त्याच माणसावर येतं, ज्याने कित्येक महिन्यांत तो झडपांचा क्रम हाताने केलेला नसतो. लिझन बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच हे नेमकं मांडलं होतं: काम जितकं स्वयंचलित कराल तितकं उरलेलं माणसाचं काम अवघड होतं, आणि त्याचा सराव मात्र तुटत जातो.

आता अलार्मबद्दल. बॉयलर ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की पडद्यावर इतके अलार्म एकदम कोसळतात की वाचायला सुरुवात करेपर्यंत पहिली ओळ वर निघून गेलेली असते. अलार्म व्यवस्थापनाचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांच्या मते शांत स्थितीत एका ऑपरेटरला दहा मिनिटांत साधारण एक अलार्म झेपतो. दहा मिनिटांत दहाच्या वर गेले की त्याला पूर म्हणतात. हा आकडा झडपांकडे पाहून ठरत नाही, माणसाकडे पाहून ठरतो. धागाकर्त्यांच्या मुद्द्याला हा सगळ्यात जुना पुरावा समजा.

दुसरं, अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राचा अपघात. २८ मार्च १९७९. अणुभट्टीच्या दाब कमी करणाऱ्या झडपेला ‘बंद हो’ हा हुकूम गेला, झडप मात्र उघडीच अडकली. पॅनेलवरचा दिवा हुकूम गेल्याचं दाखवत होता, झडपेची खरी स्थिती नाही. ऑपरेटरांनी दिवा पाहून झडप बंद आहे असं धरलं, आणि दोन तासांहून जास्त वेळ पाणी बाहेर जात राहिलं. मी प्रशिक्षणार्थींना पॅनेलवरच्या प्रत्येक दिव्यासमोर उभं करून विचारायचो: हा हुकूम दाखवतो की वस्तुस्थिती? यंत्र बांधणाऱ्याने हाच प्रश्न स्वतःला विचारायला हवा, कारण समोरचा माणूस त्या दिव्यावरून मनात एक अख्खं चित्र उभं करत असतो.

सीताबर्डीकर

साहेब, ‘हुकूम की वस्तुस्थिती’ हा प्रश्न मी उद्याच आमच्या डिझाइनच्या बैठकीत मांडतो. मनापासून आभार.

काटोल_संत्रा

आम्ही बागेत फवारणीला भाड्याचा ड्रोन बोलावतो. उडवणाऱ्या पोराला दर वेळी सांगावं लागते की अमुक ओळीत झाडं उंच आहेत. ड्रोनला नकाशा पाठ आहे, पण पोरगा ऊन डोळ्यावर घेऊन उभा आहे आणि त्याला ड्रोन दिसेनासा झालाय हे ड्रोनला समजत नाही.

बाकी तुम्ही जे म्हणता ते आमच्या आजोबांच्या बैलजोडीला कळत होतं. कासरा सैल पडला की बैल आपोआप हळू चालत, घराचा रस्ता त्यांना ठाऊक असे. कासरा ताणला की लगेच धुरकऱ्याचं ऐकत.

वारंगा_विद्यार्थी

काका, तुमचं बैलजोडीचं उदाहरण संशोधनात खरोखरच आहे, फक्त तिथे घोडा आहे! नासामध्ये फ्लेमिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये घोडा आणि स्वार यांच्या नात्यावरून वाहनाची रचना सुचवली. लगाम घट्ट असेल तेव्हा माणूस बारीकसारीक हाकणार, सैल असेल तेव्हा घोडा स्वतः वाट काढणार, आणि या दोन्हींच्या मधल्या सगळ्या पायऱ्या हाताला जाणवणार. ‘ऑटोपायलट चालू’ किंवा ‘बंद’ एवढेच दोन पर्याय नसावेत, हा त्यातला मुद्दा.

मी एआय शिकतोय, म्हणून एक भर. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी स्वयंपाकघरातल्या एका व्हिडिओ गेमवर प्रयोग केला. त्यात दोघांनी मिळून सूप बनवायचं असतं. जो एआय स्वतःच्याच प्रतिकृतीबरोबर खेळून शिकला होता, तो तशाच जोडीदाराबरोबर अप्रतिम खेळायचा. माणसाबरोबर बसवला की त्याची कामगिरी पार घसरायची, कारण जोडीदार आपल्यासारखाच बिनचूक चालेल हे त्याने धरलेलं होतं. माणूस मध्येच थांबतो, वाट अडवतो, वेगळ्याच भांड्याकडे वळतो. मग त्यांनी माणसांचे खेळ नोंदवून माणसाचं एक साधंसं मॉडेल बनवलं आणि एआयला त्याच्याबरोबर सराव दिला. ते मॉडेल अगदी ओबडधोबड होतं, तरी खऱ्या माणसांबरोबरचे गुण वाढले.

मला यातलं ‘ओबडधोबड’ महत्त्वाचं वाटतं. माणसाचं अर्धंकच्चं चित्रही कामाला येतं.

महालचा_वाडा

चर्चा वाचतोय. माझी शंका मुळातली आहे. माणसाचं मन मॉडेलमध्ये बसतं का? इतवारीतला हमाल, धरमपेठेतली शिक्षिका आणि अमेरिकेतला कॉलेजचा विद्यार्थी यांची मनं एकाच सूत्रात कशी बसवणार? आणि ही सूत्रं मुख्यतः या तिसऱ्यासारख्या मंडळींवरच प्रयोग करून बनलेली असतात, हे हेनरिक, हाइन आणि नोरेन्झायन या संशोधकांनी २०१० मध्येच दाखवून दिलं आहे. आपल्याकडे हॉर्नचा अर्थ ‘मी मागे आहे’ असा असतो, तिकडे तो राग असतो. आपल्याकडे बाई हात आडवा धरून रस्ता ओलांडते आणि बसवाला थांबतो. हा करार तिकडच्या मॉडेलला कुठून कळणार?

सीताबर्डीकर

@महालचा_वाडा, शंका रास्त आहे आणि दुसऱ्या अर्ध्या भागाशी मी पूर्ण सहमत आहे. पहिल्याबद्दल मात्र वाद घालतो.

अख्खं मन नकोच आहे. कार्नेगी मेलनच्या जॉन अँडरसन यांनी ‘ॲक्ट-आर’ नावाची आकलनाची रचना, म्हणजे मन कसं चालतं याचा संगणकावर चालवता येणारा आराखडा, अनेक दशकं खपून उभी केली. तिचे दोन नियम पाहा. एक, निर्णयाच्या पातळीवर मन एका वेळी एकच पाऊल टाकतं आणि त्या पावलाला साधारण ५० मिलिसेकंद लागतात. दोन, एखादी गोष्ट जितक्यांदा आणि जितक्या अलीकडे वापरली तितकी ती चटकन आठवते, नाही वापरली तर विझत जाते. इतवारीतला हमाल असो की शिक्षिका, या दोन मर्यादा दोघांनाही लागू आहेत. फरक असेल तर आकड्यांचा आणि सरावाचा.

दारियो साल्वुची या संशोधकांनी याच रचनेत गाडी चालवणारा माणूस बसवला. चालक दोन बिंदू पाहतो: जवळचा, लेनमध्ये मधोमध राहण्यासाठी, आणि लांबचा, वळणाचा अंदाज घेण्यासाठी. मध्येच तो फोन लावू लागला की ती पावलं या पाहण्याच्या पावलांत घुसतात आणि गाडी लेनमध्ये डोलू लागते. किती डोलेल याचं भाकीत मॉडेल करू शकतं. एवढंसं मॉडेल बसमध्ये असतं तरी ‘चालकाने लांबचा बिंदू बराच वेळ पाहिलेला नाही’ हे यंत्राला कळलं असतं.

तुमचा बाईच्या हाताचा मुद्दा मी वहीत उतरवून घेतलाय. आपल्या रस्त्यांची चित्रं गोळा करायला हैदराबादच्या ट्रिपल आयटीने मोठं काम केलं आहे. आपल्या चालकांच्या सवयींसाठी तितक्याच निष्ठेने काम व्हायला हवं, आणि ते इथे, व्हरायटी चौकात उभं राहून व्हायला हवं.

धंतोली_डॉक्टर

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूत दिवसभर मॉनिटरचे आवाज. बोटावरचा ऑक्सिजन मोजणारा चिमटा रुग्णाने हात हलवल्यामुळे सरकला, तरी आवाज तोच आणि खरंच ऑक्सिजन घसरला तरी आवाज तोच. सिस्टर त्या आवाजाला इतक्या सरावतात की खरा आवाजही कान ऐकून सोडून देतो. हे सिस्टरच्या निष्काळजीपणातून होत नाही. बहुतेक वेळा खोट्या ठरणाऱ्या आवाजाकडे मन कमी लक्ष देतं, ते मनाचं रोजचं काम आहे. बनवणाऱ्याने ते धरून चालायला हवं.

आणखी एक गोष्ट, जी मला फार कमी लिहिलेली दिसते. यंत्र सुधारलं तरी जोडीचं काम बिघडू शकतं. वॉशिंग्टन विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१९ मध्ये यावर काम केलं. माणूस हळूहळू शिकतो की हे यंत्र कुठे चुकतं, आणि तिथे तो स्वतः लक्ष घालतो. मग नवी आवृत्ती येते. सरासरीने ती जास्त अचूक असते, पण चुकण्याच्या जागा बदललेल्या असतात. माणूस जुन्या जागांवर पहारा देत राहतो आणि नव्या जागांवरून चूक निसटते. म्हणजे माणसाच्या मनात यंत्राचं जे चित्र आहे, त्याचीही यंत्राने कदर करायला हवी. मला कुणी नवी आवृत्ती दिली तर मी पहिलं हेच विचारते: आता कुठे चुकतं ते सांगा. अचूकतेचा टक्का नंतर.

रात्रपाळी_स्लीपर

मी स्लीपर बसचा ड्रायव्हर हाय. नागपूर-पुणे लाइन, समृद्धीवरून. पोरगी लिहून देऊन राहिली, मी सांगून राहिलो.

आमच्या मालकानं गाडीत दोन कॅमेरे लावले. एक रस्ता पायते, एक माह्या तोंडाकडं पायते. माही गोष्ट इतकीच हाय का, मले काय दिसलं ते त्याले समजत नाई. वर्धा रोडनं गाडी काढतानी मोटरसायकलवाला मधात घुसते. मी त्याले दुरूनच पायलेला असते, पाय ब्रेकवर गेलेला असते, तरी तो वाजतेच. मंग माणूस त्याचं ऐकणं सोडून देते. अन् रात्री तीन-चारच्या सुमाराले, जवा रस्ता सरळ, गाडी कोनतीच नाई, डोळे उघडे अन् डोकं बंद, तवा तो गप बसते. कारण लेन बराबर हाय, समोर काईच नाई. त्याच्या हिशेबानं सगळं ठीक हाय.

मले पाहिजे त्याच्या उलटं. मले दिसलं असंन तं गप राय. मले दिसत नसंन तं बोल.

सीताबर्डीकर

दादा, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांत आमचं सगळं काम आलं. ती मी जशीच्या तशी लिहून घेतली आहेत.

‘डोळे उघडे अन् डोकं बंद’ हे प्रयोगशाळेत पहिल्यांदा नीट मोजलं ते नॉर्मन मॅकवर्थ यांनी. दुसऱ्या महायुद्धात रडारवर पाळत ठेवणाऱ्यांकडून खुणा सुटत होत्या, म्हणून त्यांनी एक कोरं घड्याळ बनवलं. काटा टिक टिक सरकतो, क्वचित कधीतरी एकदम दुप्पट उडी मारतो, ती उडी दिसली की सांगायचं. पहिल्या अर्ध्या तासातच माणसांच्या हातून उड्या सुटू लागल्या. हे १९४८ चं काम आहे. समृद्धी ७०१ किलोमीटर आहे. अर्ध्या तासात तुम्ही त्यातला लहानसा तुकडाच कापलेला असता.

तुमच्या पहिल्या मागणीसाठी नजर आणि पाय दोन्ही एकत्र पाहावे लागतील. नुसती नजर पुरत नाही, कारण माणूस पाहतो तरी त्याला दिसत नाही असे अपघात भरपूर होतात. नजर मोटरसायकलकडे गेली आणि पाय ब्रेककडे सरकला, म्हणजे तुम्हाला दिसलं. यंत्राने गप्प बसावं. दुसऱ्या मागणीसाठी पापण्या मोजण्याची एक जुनी रीत आहे, पर्क्लोज. मिनिटातला किती वेळ पापण्या ८० टक्क्यांहून जास्त मिटलेल्या होत्या ते पाहायचं. पण तुमचे तर डोळे उघडे असतात, म्हणून स्टिअरिंग कसं हलतंय, नजर किती वेळ एका जागी खिळली आहे, हेही जोडावं लागेल.

आता मला सांगा, तशा वेळी यंत्राने नेमकं काय बोलावं?

कामगारवकील_सदर

मध्ये बोलतो, कारण इथे थांबून विचार व्हायला हवा. चालकाचं लक्ष, थकवा, पापण्या यांची नोंद एकदा होऊ लागली की ती कुणाच्या हातात जाते? मालकाच्या गेली तर पगार कापायला वापरली जाईल, अपघात झाला की सगळा दोष चालकावर ढकलायला वापरली जाईल. मग चालक कॅमेऱ्यावर रुमाल टाकेल, आणि त्याचं बरोबर असेल. व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण महिन्याच्या पगारावर जगणारा चालक खरंच मनापासून ‘संमती’ देतो का, हा प्रश्न उरतोच. माणसाच्या मनाचं मॉडेल बनवताना ते कुणाच्या बाजूने काम करणार हे आधी ठरवा. माझ्या मते ते गाडीतच राहावं आणि गाडीतच पुसलं जावं.

कंट्रोलरूम_निवृत्त

वकील साहेबांशी सहमत. आमच्या पॅनेलवर ऑपरेटरची प्रत्येक क्लिक नोंदली जाऊ लागली तेव्हा लोक घाबरून हात आखडू लागले. जिथे ताबडतोब हात घालायला हवा तिथे आधी शिफ्ट इनचार्जला फोन.

रात्रपाळी_स्लीपर

तुमी इचारलं काय बोलावं, तं सांगतो.

झोप येऊन राहिली हे मले समजत नाई असं नाई. समजते. पन थांबाले जागा पाहिजे अन् थांबाची मुभा पाहिजे. नुसतं वाजून काय फायदा? त्यानं सांगावं का पुढं इतक्या किलोमीटरवर गाडी लावाले जागा हाय. अन् दुसरं, मालकाले त्यानंच कळवावं. मी फोन करून म्हनलं का अर्धा तास थांबतो, तं चार गोष्टी ऐका लागते. सवाऱ्या बी इचारते, काऊन थांबली गाडी. यंत्रानंच गाडीतल्या पाटीवर लिहून देल्लं का सुरक्षेसाठी गाडी थांबली हाय, तं कोनी काई म्हनत नाई.

धंतोली_डॉक्टर

दादा, वीस मिनिटांची झोपसुद्धा मेंदूला बराच आराम देते. उठल्यावर लगेच गाडी काढू नका, थोडं चाला, तोंडावर पाणी मारा. उठल्या उठल्या काही मिनिटं डोकं जड असतं. ती मिनिटंही यंत्राने धरायला हवीत.

सीताबर्डीकर

हे मी लिहून काढलंय, सगळ्यांनी तपासा. चालकाची नजर आणि पाय सांगत असतील की त्याला दिसलंय, तर आवाज नाही. लक्ष विझत चाललंय असं वाटलं तर आधी गाडी लावायच्या पुढच्या जागेचं अंतर, साध्या मराठीत, बोलून. चालकाने ‘थांबतो’ म्हटलं की डेपोला संदेश आणि आतल्या पाटीवर सूचना. उठल्यानंतरची जड मिनिटं धरूनच निघण्याची वेळ. नवी आवृत्ती आली की ती कुठे चुकते त्याचं एक पान चालकाच्या हातात.

कामगारवकील_सदर

डेपोला जाणाऱ्या संदेशात पापण्यांचा, नजरेचा कुठलाही आकडा नको. ‘गाडी सुरक्षेसाठी थांबत आहे, अमुक वाजता निघेल’ एवढंच. आणि ते चालकाशी झालेल्या लेखी करारात हवं, नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये नको, कारण सॉफ्टवेअर उद्या बदलता येतं. कराराचा मसुदा मी करून देतो, पैसे घेणार नाही.

रात्रपाळी_स्लीपर

तेवढं कागदावर लिहून देत असंन तं माह्या गाडीत लावा. मालकाशी मी बोलतो. आमच्या लाइनीवरचे आनखी दोघं-तिघं ड्रायव्हर बी तयार होतीन, पन त्यायले आधी वकील साहेबाचा कागद दाखवा लागन.